विजेच्या कामाचा स्क्रूड्रायव्हर घेताना
(वडोदऱ्यातील घरमालक, वायरमन आणि सोसायटीची देखभाल पाहणाऱ्यांसाठी आमच्या दुकानाचे माहितीपत्रक)

काउंटरवर नुसते "एक डिसमिस (स्क्रूड्रायव्हर) द्या" म्हटले, की आम्ही आधी विचारतो, पेच कुठला उघडायचा आहे? मूठ आणि रंग नंतर बघू. काम टोक करते, आणि ते खाचेत घट्ट बसले नाही तर महागडा ड्रायव्हरही पेचाचे डोके खाऊन टाकतो.

विजेच्या कामात याचे नुकसान मोठे आहे. कपाटाचा पेच अर्धवट बसला तर बिजागरी हलते. एमसीबीचा (करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणाऱ्या स्विचचा) पेच अर्धवट बसला तर जोड तापतो. सैल जोडात ०.०५ ओहम रोध राहिला आणि त्यातून २० अँपिअर गेले, तर तेवढ्या जागेत २० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे पेचाखाली लहान सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखेच. तारेचे इन्सुलेशन कडक होते, एमसीबीचे प्लास्टिक तपकिरी पडते, तरी एमसीबी ट्रिप होत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. "एसी लावला की बोर्डातून वास येतो" ही तक्रार बहुतेकदा इथली असते.

प्लस म्हणजे एकच प्लस नव्हे

सर्वात जास्त पेच इथे खराब होतात. प्लसच्या दोन जाती नेहमी भेटतात: फिलिप्स (पीएच) आणि पोझिड्राइव्ह (पीझेड). पोझिड्राइव्ह पेचाच्या डोक्यावर मुख्य प्लसच्या चार हातांच्या मधल्या जागांत चार बारीक तिरप्या रेघा कोरलेल्या असतात, फिलिप्सवर नसतात. टोकेही वेगळी असतात. फिलिप्सचे टोक निमुळते असते आणि त्याच्या पाकळ्या उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की टोक आपोआप वर ढकलले जाते. पोझिड्राइव्हच्या पाकळ्या जवळजवळ सरळ असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक कडा असतात, म्हणून ते खाचेत टिकते.

एमसीबी, आरसीसीबी (वीजगळती झाली की तोडणारा स्विच) आणि कॉन्टॅक्टर (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) यांच्या टर्मिनलवर, म्हणजे तार आवळायच्या जागी, बहुतेक पीझेड २ (२ हा टोकाच्या आकाराचा क्रमांक) किंवा प्लस आणि सपाट खाच एकत्र असलेला पेच असतो. घरोघरी असतो तो मात्र पीएच २. तो पीझेडच्या खाचेत शिरतो, पण डुलतो. दोन-तीनदा घसरला की खाच गोल होते, आणि मग पेच पुरता आवळताही येत नाही, सोडवताही येत नाही. उलट पीझेडचे टोक फिलिप्सच्या खाचेत तळापर्यंत जातच नाही. डीबीचे (एमसीबी बसवलेल्या पेटीचे) काम वरचेवर असेल तर एकत्र खाचेसाठीचा एसएल/पीझेड २ (एसएल म्हणजे सपाट) ड्रायव्हर घ्याच.

एमसीबीच्या अंगावर आवळण्याचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो, नेहमीच्या घरगुती एमसीबीवर साधारण २ ते २.५. बारीक मुठीच्या ड्रायव्हरने तो गाठता गाठता मनगट दुखते आणि माणूस अर्ध्यावर सोडून देतो, म्हणून इथे जाड, हातात भरणारी मूठ हवी. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पॅनेल बांधणाऱ्यांनी टॉर्क ड्रायव्हरच (ठरवलेल्या आकड्यापर्यंतच आवळणारा) वापरावा. अंदाजाने जास्त आवळले तर बारीक तारेचे धागे तुटतात किंवा पितळी टर्मिनलचे आटे जातात, तेही नुकसानच.

सपाट टोकाचे दोन आकडे

३.० × ०.५ असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा टोकाची रुंदी आणि दुसरा जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. लोक रुंदी बघतात, पण पकड जाडीवर असते. पातळ टोक खाचेत हलते आणि पेचाच्या कडा सोलते. कनेक्टर, होल्डर आणि स्विचच्या बारीक पेचांसाठी ३.० × ०.५ किंवा ३.५ × ०.६, अर्थिंग आणि न्यूट्रल लिंकच्या (न्यूट्रल तारा जोडायच्या पट्टीच्या) मोठ्या पेचांसाठी ५.५ × १.० किंवा ६.५ × १.२. रावपुरा, दांडिया बाजारच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरचे बोर्ड आहेत. तिथल्या पेचांच्या खाचेत रंगाचे थर बसलेले असतात. आधी मेन बंद करून टोकदार वस्तूने खाच मोकळी करा, मग ड्रायव्हर लावा.

चुंबकी टोक सोयीचे असते, पण टर्मिनलचे पेच बरेचदा पितळी असतात आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. शिवाय टोकाला लोखंडाचा चुरा धरतो. पॅनेलमध्ये शिरण्याआधी टोक पुसून घ्या.

प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेटेड ड्रायव्हर नव्हे

हिरव्या-पिवळ्या पारदर्शक मुठीच्या साध्या ड्रायव्हरची दांडी उघडी असते. त्या दांडीला बोट लागले किंवा ती फेज आणि अर्थिंगच्या मध्ये आली, तर मूठ काही करू शकत नाही. इन्सुलेटेड ड्रायव्हरची दांडी टोकापर्यंत झाकलेली असते आणि १८ मिलिमीटरपेक्षा जास्त धातू उघडा नसतो. त्यावर दोन त्रिकोणांची खूण, १००० व्होल्ट, आयईसी ६०९०० (अशा हत्यारांचे आंतरराष्ट्रीय मानक), उत्पादकाचे नाव आणि बनवल्याचे वर्ष असते. असा ड्रायव्हर १००० व्होल्ट एसीपर्यंतच्या कामासाठी असतो आणि त्याची चाचणी १०,००० व्होल्टवर होते. नुसते "शॉकप्रूफ" छापलेले असेल तर त्याला आम्ही इन्सुलेटेड म्हणून विकत नाही.

साध्या दांडीवर टेप गुंडाळून किंवा स्लीव्ह चढवून हे काम होत नाही. टेप सरकते, स्लीव्हला चीर पडते, आणि चीर कधी पडली ते कळतही नाही. दोन रंगांचे थर असलेला ड्रायव्हर मिळाला तर तोच घ्या. वरचा थर कापला गेला की खालचा रंग दिसतो.

दांडी मुठीतून आरपार जाऊन मागे लोखंडी टोपी असलेला ड्रायव्हर ठोकायचा असतो. बोर्डाजवळ तो आणूच नका, कारण टोकाची वीज थेट तळहातापर्यंत येते. बदलत्या बिटांचा संचही बोर्डासाठी नको. बिट निसटून बसबारवर (वीज वाहणाऱ्या उघड्या पट्टीवर) पडले की शॉर्ट होतो.

इन्सुलेटेड असला तरी सप्लाय बंद करूनच काम करा. ड्रायव्हर हा शेवटचा आधार आहे, पहिला नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात: मेन स्विच बंद केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूचे टर्मिनल जिवंतच असतात. तिथून मीटरपर्यंतचे काम स्वतः करू नका, आणि मीटरच्या सीलला हात लावू नका, ते काम एमजीव्हीसीएल या वीज कंपनीचे.

टेस्टर

टेस्टर म्हणजे ड्रायव्हर नव्हे. त्याची दांडी बारीक, टोक मऊ, आणि मुठीत निऑन दिवा आणि सुमारे दहा लाख ओहमचा रोधक. त्याने पेच पिळला की टोक वळते आणि मुठीला चीर पडते. चिरेतून ओल शिरली तर तुमच्या आणि फेजच्या मधला तो रोधक भरवशाचा राहत नाही. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरासारखे पाणी ज्या घरात शिरले असेल, तिथला भिजलेला टेस्टर सुकवून वापरू नका, फेकून द्या.

टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे धरू नका. लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा भर उन्हात असाल तर तो मंद दिसतो. न्यूट्रल मागे तुटला असेल तर न्यूट्रलवरही पेटतो. बंद तार चालू तारेच्या शेजारून लांबवर गेली असेल तरी थोडा उजळतो. आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा त्या सॉकेटवर. वीज खरोखर गेली हे ठरवायला दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टिमीटर वापरा.

दुकानात हातात घेऊन बघा

टोकाच्या दोन्ही सपाट बाजू शेवटी जवळजवळ समांतर आणि कोपरे धारदार हवेत. पाचरीसारखे उतरते टोक खाचेतून वर येते. काचेवर दांडी लोळवून पाहा, वाकडी असेल तर टोक डुलेल. क्रोम व्हॅनेडियमचा शिक्का चांगला, पण शिक्का कोणीही मारू शकतो. मऊ पोलादाचे टोक पिळवटते, फार कडक केलेले तुकडा पडून जाते. टोकावर जाड चकचकीत मुलामा असेल तर तो सुटून खाचेत अडकतो, काळपट न मुलाम्याचे टोक आम्हाला जास्त पसंत आहे.

घरासाठी चार पुरतात: सपाट ३.० × ०.५, सपाट ५.५ × १.०, पीएच २ आणि पीझेड २, चारही इन्सुलेटेड. दांडी ७५ ते १२५ मिलिमीटर. वायरमनने पीएच १, एसएल/पीझेड २, आखूड दांडीचा एक आणि पंख्याच्या कॅनोपीसाठी (छताजवळच्या वाटीसाठी) २०० मिलिमीटरचा एक असे वाढवावे. खोल टर्मिनलमध्ये इन्सुलेशनची जाडी आड येत असेल तर बारीक दांडीचा इन्सुलेटेड प्रकार मागा, इन्सुलेशन सोलू नका.

मूठ साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. ॲसिटोन किंवा थिनरने पारदर्शक मुठी विरघळतात आणि तडकतात. ट्रान्सफॉर्मर ऑइल लागलेली मूठ हातातून निसटते. मे महिन्यात उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत हत्यारे ठेवू नका. साध्या सपाट ड्रायव्हरचे झिजलेले टोक बारीक कानशीने हाताने सरळ करता येते, पण ग्राइंडरवर निळे पडले की त्याचा कडकपणा गेला. इन्सुलेटेड ड्रायव्हरचे टोक झिजले, थर कापला गेला किंवा मुठीला चीर पडली, तर तो विजेच्या हत्यारांच्या पेटीतून काढा. आकार कळत नसेल तर जुना पेच किंवा टर्मिनलचा फोटो घेऊन या, योग्य टोक बसवून दाखवू.