पाठीमागून येणारी गाडी आधी कळावी म्हणून
(रस्त्याची कामे घेणारे ठेकेदार आणि साइट सुपरवायझर यांच्यासाठी)

कोल्हापूरजवळ शिरोलीपासून कागलपर्यंत हायवेवर रस्ता फोडणारा ब्रेकर आणि रोलर चालू असले, की मागून येणारी गाडी ऐकूच येत नाही. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. वाकून खडी पसरणाऱ्याला ती १०० मीटरवर दिसली, तर बाजूला व्हायला साडेचार सेकंद. आमची इशारा देणारी यंत्रणा गाडी थांबवत नाही. हे सेकंद वाढवते.

कामाच्या ३०० मीटर अलीकडे तिपाईवर छोटा डॉप्लर रडार बसतो. गाडीला आपटून परत येणाऱ्या लहरींवरून तो वेग ओळखतो. त्यात बसवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेग दिसला की बिनतारी संदेश जातो, कामावर दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि कामगारांच्या दंडावरचा पट्टा थरथरतो. खर्च वाचवायला पट्टे वगळू नका. ब्रेकर धरलेल्या माणसाला भोंगा ऐकू जात नाही, थरथर मात्र कळते.

रडार शक्यतो येणाऱ्या गाडीच्या समोर धरा. ३० अंश तिरका लावला तर ८० चा वेग ६९ दिसतो आणि इशारा मिळायचा राहतो.

ऊसतोडीच्या हंगामात जास्त जपावे लागते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सावकाश येतो, पण त्याच्या आडून ओव्हरटेक करणारी मोटारसायकल रडारला दिसत नाही, ट्रॉलीच दिसते. म्हणून त्या दिवसांत आम्ही दुसरा रडार कामाच्या जवळ लावायला सांगतो. झेंडीवाला, कोन आणि बॅरिकेड काढायचे नाहीतच.

गगनबावड्याच्या घाटात वळणाआड डोंगर संदेश अडवतो. तिथे वळणावर रिपीटर, म्हणजे संदेश पुढे पाठवणारे यंत्र, लागतो. रडार आणि भोंगा यांचा संपर्क तुटला तर पिवळा दिवा लागतो. तो लागला की काम थांबवून माणसे आधी रस्त्याबाहेर घ्या.

इशारा सुरू होण्याची वेगमर्यादा फार खाली ठेवू नका. दर मिनिटाला भोंगा वाजला तर दुपारपर्यंत त्याकडे कुणी मान वळवत नाही. पहिल्या दिवशी आमचा माणूस साइटवर थांबून तिथल्या वाहतुकीप्रमाणे आकडा बसवून देतो. बॅटरी रोज रात्री चार्ज करा. पावसाळ्यात नुसत्या सोलर पॅनेलवर विसंबू नका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रणा चालू करून दाखवतो. येताना वळणे आणि चढ दाखवणारा साइटचा साधा नकाशा आणा, हाताने काढलेलाही चालेल.