धुतलेली रबरी मॅट वाळल्यावर पुन्हा पांढुरकी का दिसते?

गाडीतली काळी रबरी मॅट बाहेर काढायची, पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, खसाखसा घासायची, ओली असताना ती एकदम नव्यासारखी काळीकुळकुळीत दिसते आणि बरं वाटतं, आणि वाळली की तीच मॅट परत राखाडी, मळकट, कुठेकुठे चक्क तपकिरी. इथे बहुतेक जण ठरवतात की घाण अजून राहिलीये, मग आणखी कडक साबण, आणखी जोरात घासणं, आणि तरीही मन भरत नाही म्हणून शेवटी चकाकी आणणारा स्प्रे. कडक साबण आणि रगडणं मॅटचं आयुष्य कमी करतं, आणि तो स्प्रे तर गाडी चालवणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकतो, म्हणून हे सगळं जरा मुळापासून बघू.

आधी ओल्या-कोरड्याचा प्रश्न. मॅटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो, आणि त्यावर मातीचा, मेणाचा किंवा साबणाचा अगदी पातळ थर राहिला तरी त्या बारीक कणांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून मॅट पांढुरकी दिसते. पाणी पडलं की कणांमधली हवेची जागा पाणी घेतं. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना किती वळतो याचं माप म्हणजे अपवर्तनांक; हवेचा तो जवळजवळ 1, पाण्याचा 1.33, आणि अशा कणांचा साधारण 1.5 च्या आसपास, त्यामुळे कण आणि भोवतालचं माध्यम यांतला फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि थर डोळ्याला दिसेनासा होतो. थर तिथेच असतो बरं का! त्यामुळे मॅट स्वच्छ झाली की नाही हे ओली असताना ठरवूच नका, पूर्ण वाळू द्या आणि मग बघा.

आता हा थर कसला? तीन-चार शक्यता आहेत आणि त्यातल्या एकीचा घाणीशी काहीच संबंध नाही. ती समजायला रबराच्या आत डोकवावं लागतं.

नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीन नावाच्या छोट्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. नुसतं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं, काही कामाचं नाही. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर यांना सापडलं की रबरात गंधक घालून तापवलं की ते दोन्ही ऋतूंत लवचिक राहतं, 1844 मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं, आणि यालाच आपण व्हल्कनायझेशन म्हणतो. गंधक साखळ्यांना एकमेकींशी मधूनमधून बांधतो, त्यामुळे ओढलं तरी रबर परत जागेवर येतं. पण साखळीत कार्बन-कार्बनचे जे दुहेरी बंध असतात त्यातले फार थोडे या कामात वापरले जातात, बाकीचे तसेच उघडे राहतात आणि तेच रबराचं मर्म आहे.

कारण हवेत ओझोन असतो. जमिनीलगत त्याचं प्रमाण फारच कमी, साधारणपणे हवेच्या शंभर कोटी भागांत 20 ते 50 भाग, पण हा ओझोन नेमका दुहेरी बंधावर हल्ला करतो आणि साखळी तिथेच तोडतो. रबर ताणलेलं नसेल तर वर एक पातळ खराब थर तयार होऊन गोष्ट बऱ्यापैकी तिथेच थांबते, पण ताणलेलं किंवा वाकवलेलं असेल तर तुटलेली जागा उघडते, आतला ताजा भाग हवेला मिळतो, तोही तुटतो, आणि बघताबघता ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक भेगांच्या ओळी पडतात. जुन्या टायरच्या बाजूला दिसतात त्या याच भेगा. म्हणूनच वापरात नसलेली रबरी मॅट घडी घालून कोपऱ्यात कोंबू नये, सपाट ठेवावी. आणि ती चालू विजेच्या मोटरजवळ किंवा वेल्डिंगच्या जवळ तर अजिबात नको, तिथल्या ठिणग्यांतून ओझोन तयार होत असतो.

रबर बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक आहे, त्यामुळे ते मिश्रण तयार करतानाच संरक्षण आत भरतात. कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी, रबराला मजबुती देते आणि अतिनील किरण स्वतः शोषून घेते, मॅट आणि टायर काळे असतात ते यामुळे. दुसरं, मेण. ते रबरात पूर्ण विरघळून राहत नाही, हळूहळू वर येतं आणि पृष्ठभागावर अगदी पातळ पडदा धरतं ज्यातून ओझोन सहज आत जात नाही. तिसरी, ओझोनला स्वतःच्या अंगावर घेणारी रसायनं, बहुतेक वेळा पॅरा-फिनिलीनडायअमिन या गटातली, तीही वर येत राहतात, रबराऐवजी ती खर्ची पडतात आणि खर्ची पडताना तपकिरी होतात.

म्हणजे पांढुरका मेणाचा थर आणि तपकिरी झाक, ज्याला रबरवाले ब्लूमिंग म्हणतात, ते मॅटचं स्वतःचं कवच आहे! आपल्या त्वचेचा तेलकटपणा कडक साबणाने रोज धुऊन काढला तर ती कोरडी पडून फुटायला लागते, इथेही तसंच होतं, फरक एवढाच की त्वचा नवीन तेल तयार करते आणि मॅटमधला साठा कारखान्यात भरला तेवढाच असतो. दर वेळी सगळं खरवडून काढलं की आतून नवीन वर येतं, परत खरवडलं की परत येतं, आणि एक दिवस आत काही उरत नाही.

मग थर मेणाचा आहे की घाणीचा, हे ओळखायचं कसं? वाळलेल्या मॅटच्या एका कोपऱ्यावर केस वाळवायच्या ड्रायरने थोडी गरम हवा सोडा, मेण असेल तर ते वितळतं आणि तेवढा भाग काळा होतो, पाणी न लावताच. मातीचं असं होत नाही. माती असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याला लागून येते. आणि पांढरे गोल डाग किंवा खडूसारखी पुटं असतील तर तो पाण्यातला क्षार किंवा साबणाचा साका. साध्या साबणातली चरबीची आम्लं जड, म्हणजे जास्त क्षार असलेल्या, पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा चिकट साका करतात, म्हणजे जितका साबण लावाल तितकी मॅट मळकट. त्यापेक्षा गाडीचा शाम्पू बरा, त्यातली साफ करणारी रसायनं वेगळ्या घडणीची असल्याने जड पाण्यातही साका धरत नाहीत. क्षाराच्या डागांवर पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर पुरतं, थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं.

आता प्रत्यक्ष धुणं, आणि यात फार काही गूढ नाही. मॅट गाडीबाहेर काढा, आधी कोरडीच आपटून झटका. हे लोक टाळतात पण महत्त्वाचं आहे, कारण वाळू बहुतेक क्वार्ट्झची असते, त्याचा कठीणपणा मोहस मापनात, म्हणजे कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर, 7, आणि ती मॅटवर असताना ब्रश फिरवला की वाळूने घासल्यासारखंच होतं. चिकणमातीचे कण वेगळे, ते सूक्ष्म पत्र्यांसारखे चपटे असतात आणि पाण्यात त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, ओले झाले की खाचांमध्ये जाऊन बसतात, म्हणून चिखल वाळला की आधी झटकणं सोपं पडतं. मग पाणी, मग शाम्पूचा फेस, दोन-चार मिनिटं राहू द्या पण वाळू देऊ नका, आणि नायलॉनचा मध्यम ब्रश खाचांच्या दिशेने एकदा आणि आडवा एकदा. शाम्पूच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं आणि दुसरं तेलाकडे, ते तेलकट घाणीला चहूबाजूंनी वेढून पाण्यात तरंगत ठेवतात, आणि या कामाला जोर लागत नाही, वेळ लागतो. म्हणून थांबणं हे घासण्यापेक्षा जास्त उपयोगी. शेवटी खळखळून भरपूर पाणी, खाचेत फेस उरता कामा नये.

ग्रीस, ऑइल, डांबर लागलं असेल तर मोह होतो की पेट्रोल किंवा थिनरचा बोळा फिरवावा. नका करू. नैसर्गिक रबर आणि टायरमध्ये वापरतात ते स्टायरीन-ब्युटाडाइन रबर, दोन्ही हायड्रोकार्बनच आहेत, पेट्रोलही हायड्रोकार्बनच, त्यामुळे पेट्रोल साखळ्यांच्या मध्ये शिरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि पेट्रोल उडून जाताना आतलं मेण आणि ती संरक्षक रसायनं बाहेर ओढून आणतं. त्या जागेवर पुढे लवकर भेगा दिसतात. पाण्यात मिसळणारा सौम्य डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रव्य, फक्त त्या डागापुरता वापरा आणि लगेच धुवा. ब्लीचही नको, ते ऑक्सिडीकरण करणारं आहे आणि दुहेरी बंध त्याच्याही तडाख्यात येतात. मेलामाइनचा पांढरा स्पंज डाग काढतो खरा, पण तो काढतो ते घासूनच, पृष्ठभाग ओरखडून.

मॅट नेमकी कशाची आहे हेही बघून घ्या. ऑल-वेदर म्हणून मिळणाऱ्या कितीतरी मॅट रबराच्या नसतातच, त्या टीपीई म्हणजे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरच्या असतात, वजनाला हलक्या, वास जवळपास नाही. त्यात गंधकाची बांधणी नसते, कडक भागांचे पुंजके मऊ साखळ्यांना धरून ठेवतात आणि उष्णतेने तेच पुंजके सैल होतात, त्यामुळे उकळतं पाणी, वाफ किंवा भिंतीला तिरकी टेकवून कडक उन्हात वाळवणं, याने टीपीईची मॅट वाकडी होऊन तशीच राहू शकते. ओझोनची चिंता मात्र अशा बऱ्याच मॅटना कमी. पीव्हीसीच्या मॅटची गोष्ट आणखी वेगळी, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर वर्षांनुवर्षं बाहेर येत राहतं, मॅट आधी चिकट लागते आणि मग कडक होऊन तडकते, आणि बाहेरून काहीही लावलं तरी ते आत परत जात नाही.

आणि आता तो चकाकीचा स्प्रे. अशा स्प्रेंना ड्रेसिंग म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत सिलिकॉन तेल असतं. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही थोडा कमी, म्हणून ते क्षणात पसरतं, खरखरीतपणाच्या बारीक खळग्यांत भरतं, पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश विखुरण्याऐवजी एकाच दिशेने परततो आणि मॅट चमकते. बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की सिलिकॉन तेल रबराला खातं, ते खरं नाही, हे तेल रबरात फारसं शिरतच नाही. त्रास होतो तो काही स्प्रेंमध्ये सोबत असलेल्या पेट्रोलियम सॉल्व्हंटचा, तो वर सांगितलेल्या पेट्रोलसारखंच काम करतो.

पण खरी अडचण पायाखाली आहे. रबराची पकड येते ती बुटाच्या तळव्याला चिकटून आणि खडबडीत भागांवर दबून-उसळून, आणि मध्ये तेलाचा थर आला की चिकटणं संपतं. टाच मॅटवर टेकवून आपण ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलवतो, टाच घसरली की पेडलवरचा अंदाज चुकला, त्यात तेच तेल तळव्याला लागून पेडलच्या रबरापर्यंत पोचतं. ड्रायव्हरच्या मॅटवर आणि पेडलवर कुठलंही चकचकीत ड्रेसिंग लावू नये, याला माझ्या मते एकही अपवाद नाही. मागच्या मॅटवर लावायचंच असेल तर पाण्यात केलेलं, वाळल्यावर कोरडं आणि बिनचमकीचं दिसणारं घ्या आणि उरलेलं फडक्याने पुसून काढा. तसंही गाडीच्या तळाशी अतिनील किरण फार पोचत नाहीत, पुढची काच ते बरेचसे अडवते आणि मॅट सीटच्या सावलीत असते, त्यामुळे अतिनीलपासून संरक्षण या नावावर विकलं जाणारं बरंच काही इथे तितकंसं गरजेचं नाही. गाडीच्या आतली उष्णता जास्त झिजवते, कारण तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून सावलीत पार्किंग आणि सावलीत वाळवणं हे कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त उपयोगाचं.

धुतल्यावर मॅट परत बसवताना घाई करू नका. ऑगस्ट 2009 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ टोयोटा कंपनीच्या एका भरधाव गाडीच्या अपघातात चौघे गेले, आणि तपासात दिसलं की त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची ऑल-वेदर रबरी मॅट होती, ती नीट अडकवलेली नव्हती आणि अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकला. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेत मॅटच्या कारणावरून सुमारे 38 लाख गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दोष दूर करण्यासाठी गाड्या परत बोलावणं, जाहीर केला. मॅट आपल्याच मॉडेलची हवी, खालचे हुक पक्के अडकवलेले हवेत, जुन्या मॅटवर दुसरी मॅट कधीच टाकायची नाही, आणि बसवल्यावर इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघायचा, मॅटला कुठे लागतोय का.

मॅटची खालची बाजू आणि तिच्याखालचं कार्पेट पूर्ण कोरडं झाल्याशिवाय बसवू नका. रबर पाणी वर येऊ देत नाही, मग खाली अडकलेली ओल तशीच राहते, बुरशी धरते, गाडीत कुबट वास सुटतो आणि लोक वरून मॅट धूत बसतात. जिथे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर आणखी जपावं, कॅल्शियम क्लोराइड हवेतलं बाष्प ओढून घेतं, ते कार्पेटमध्ये उतरलं की ती जागा सहजासहजी वाळतच नाही आणि खालचा पत्रा गंजायला लागतो, म्हणून मॅट उचललीच आहे तर कार्पेटवरही हात फिरवून बघा, ओलसर लागलं तर आधी ते वाळवा.