मोरीच्या जाळीखालचं पाच सेंटिमीटर पाणी

बाथरूममधून गटाराचा वास येऊ लागला की आपल्याकडे पहिली धाव फिनेलच्या बाटलीकडे. मग ॲसिड, मग डांबरगोळ्या. फरशी चकचकीत होते, वास तसाच. जाळी उचला आणि आत टॉर्च मारून बघा. पाणी चमकलं पाहिजे. कोरडं भोक दिसलं, तर चोर सापडला.

जाळीखालच्या त्या वाडग्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. बेसिनखालचा वाकडा पाईप आणि कमोडच्या आतला बाक ही त्याचीच भावंडं. वाट मुद्दाम वाकडी केल्यामुळे सांडपाणी वाहून गेल्यावरही शेवटचं थोडं पाणी बाकात राहतं आणि गटारातल्या वायूंना अडवतं. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये संडासाच्या पेटंटात असा एस आकाराचा बाक घातला. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही काही नाही. फक्त आतलं पाणी टिकलं पाहिजे.

या पाण्याची खोली, म्हणजेच सील, साधारण ५ सेंटिमीटर. हवेचा दाब म्हणजे पाण्याचा सुमारे १० मीटर उंच स्तंभ, हे शाळेत शिकलेलो असतो. म्हणजे पाईपातला दाब जेमतेम दोनशेव्या भागाने उतरला, की ट्रॅपचा बंदोबस्त संपला.

आणि दाब उतरतो, रोज उतरतो. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की पाणी उभ्या पाईपच्या भिंतीला चिकटून घसरतं, मधली हवा सोबत खाली ओढत नेतं. ती तूट गच्चीवरून भरून निघावी म्हणून पाईपचं तोंड वर उघडं ठेवतात आणि त्यावर काऊल, म्हणजे हवा जाऊ देणारी जाळीदार टोपी, बसवतात. पाऊस आत जातो, कबुतरं बसतात म्हणून कुणी तिथे टोपण ठोकलं, तर हवा मिळेल तिथून येणार, म्हणजे तुमच्या ट्रॅपमधून. जाळीखालची गुडगुड ती हीच. तळाशी उलटा प्रकार होतो. पाणी आडव्या पाईपात वळताना हवा कोंडते आणि ट्रॅपमधून बुडबुडे वर येतात. म्हणून तळमजल्याची लाईन मुख्य पाईपला न जोडता थेट चेंबरला नेलेली बरी.

थोडा हिशेब करू. समजा ३ सेंटिमीटर पाण्याइतकी ओढ आली. घराकडची पातळी ३ सेंटिमीटर उतरते आणि तेवढं पाणी पलीकडे सांडतं. ओढ थांबली की उरलेलं पाणी दोन्ही बाजूंना समान होतं, म्हणजे सील दीड सेंटिमीटरने घटून साडेतीनवर येतं. तेवढीच ओढ पुन्हा आली तर मात्र काहीच सांडत नाही! (कागदावर यू काढून बघा, पटेल.) पण बाकीचं बाष्पीभवनाने गेलं की ट्रॅप उघडा. घर महिनाभर बंद ठेवणार असाल तर जाळीत मगभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओता, पाणी हळू आटतं.

हे नुसतं वासापुरतं नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली. कोरडे पडलेले ट्रॅप आणि बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्यांनी त्यातून ओढलेली दूषित हवा, असा निष्कर्ष तपासात पुढे आला.

आपल्याकडे मात्र सांडपाण्याची दिशा वास्तुवाल्याला विचारून ठरते. मग चेंबर पश्चिमेला आणि पाईप पूर्वेकडून वळसा घालून, चार एल्बो जास्त लावून. प्रत्येक एल्बो म्हणजे तुंबायची एक जागा. वास्तुवाला ती उपसायला येत नाही.

बांधकाम चालू असेल तर बेसिनचं पाणी नहाणी ट्रॅपमध्येच सोडायला सांगा, ट्रॅप आपोआप भरलेला राहतो. ११० मिलिमीटरच्या आडव्या पाईपला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर ढाळ पुरतो. ‘जास्त दिला तर काय बिघडलं?’ असं मिस्त्री म्हणेल. ट्रॅपपासून व्हेंट (गच्चीवर उघडणारी हवेची वाट) असलेल्या उभ्या पाईपपर्यंतच्या तुकड्याला त्याच्या व्यासापेक्षा जास्त एकूण उतार मिळाला, तर त्याचं व्हेंटकडचं तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीखाली जातं. पाईप भरून वाहिला की सायफन तयार होतो आणि ट्रॅप स्वतःचंच पाणी ओढून रिकामा होतो. बेसिनखालून सरळ जमिनीत घुसणाऱ्या एस ट्रॅपला हाच रोग असतो. तिथे भिंतीत आडवा जाणारा पी ट्रॅप मागा, आणि टाईल लावायच्या आधी मागा.