‘त्यांच्या नकळत द्यायची गोळी’ मागायला येणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्या औषधाच्या दुकानात दर महिन्याला कुणी ना कुणी ताई काउंटरवरची गर्दी ओसरायची वाट बघत थांबतात आणि हळूच विचारतात, “भाजीत कालवून देता येईल अशी दारू सोडवायची गोळी आहे का?” घाईत उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

नकळत द्यायची गोळी आम्ही देत नाही. डायसल्फिराम नावाचं औषध आहे. ते अंगात असताना दारू पोटात गेली की दारूपासून बनणारं विषारी द्रव्य, अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लालबुंद होतो, उलट्या आणि धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि पिणाऱ्याला सगळं सांगूनच द्यायचं असतं. बसस्टँडवर मिळणाऱ्या पुड्यांत काय असतं, हे तर पाकिटावरही लिहिलेलं नसतं. कृपा करून त्या आणू नका.

आणखी एक. रोज भरपूर पिणाऱ्याला “आजपासून बंद” असं घरच्या घरी करायला लावू नका. हात थरथरणं, घाम, झोप उडणं काही तासांतच सुरू होतं. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जाऊन नसलेलं दिसू लागतं. आधी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात यासाठी जाता येतं.

औषधाने शरीर सावरतं. पण संध्याकाळचे सात वाजले की पाय गुत्त्याकडे वळतात, त्याला आमच्या कपाटात औषध नाही. तिथे उपयोगी पडतो तो दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘ए. ए.’, १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पुरते दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्या बोलण्याच्या आधाराने प्यायचे थांबले. आजही मीटिंगमध्ये तेच चालतं. महाराष्ट्रातही ए. ए.चे गट आहेत आणि मराठीतून मीटिंगा होतात. मीटिंगची जागा बहुधा साधीच असते, शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल.

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, हे आम्ही जाणतो. म्हणून आत काय होतं ते सांगतो. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी फिरणाऱ्या टोपलीत ज्याला वाटेल त्याने पैसे टाकायचे. आडनाव, जात, नोकरी कुणी विचारत नाही. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण उठून “मी अमुक, मी मद्यपी” म्हणत आपली गोष्ट सांगतो. याला ते ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर “आज फक्त ऐकतो” एवढं पुरे. तास-दीड तासाने संपतं, आणि अनेकदा खरी ओळख नंतरच्या चहावर होते. प्रार्थना असते, पण गट कोणत्याही धर्माचा नाही. लागते एकच गोष्ट: दारू थांबवायची इच्छा. शपथ कुणी घ्यायला लावत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच मागणं. पुन्हा प्यायलं गेलं तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची मिळते. एका मीटिंगवरून “माझ्याच्याने नाही जमणार” असं ठरवू नका. दुसरा गट बघा, महिनाभर तरी जा. पिणाऱ्या बायकांनाही हे दार तेवढंच उघडं आहे.

आता ताई, तुमच्यासाठी. ते जायला तयार नसले तरी तुम्ही जा. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ हा वेगळा गट १९५१ पासून आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. बाटल्या शोधणं, साहेबांना फोन करून “ताप आलाय” सांगणं, उधारी फेडणं, या सगळ्याने तुम्ही किती थकलात हे तिथे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे झोपेची गोळी मागणाऱ्या कितीतरी जणींना खरं तर या गटाची गरज आहे, असं आमचं मत आहे.

गट शोधायचा तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ लावा. मनाची घालमेल असह्य झाली तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. दोन्ही मोफत. ए. ए.च्या वेबसाइटवरही शोधता येतं. पत्ता मिळाला की वार, वेळ, भाषा आणि मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हे विचारून घ्या. ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी. गाव लांब असेल आणि परतीची एसटी मिळत नसेल, तर मोबाइलवरूनही मीटिंगा होतात.

दारू थांबवली असेल तर खोकल्याचं औषध किंवा टॉनिक घेताना आम्हाला जरूर सांगा. काहींत अल्कोहोल असतं. त्याशिवायचं काढून देऊ. सगळ्यांसमोर सांगायला नको वाटलं तर हे पत्रक नुसतं काउंटरवर ठेवा, आम्ही समजून घेऊ. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, आणि त्या वेळी काउंटरवर बाईमाणूस असतं.