मॅनिफेस्ट व्ही-३ : जाहिरात अडवायची की नाही, हे ठरवणार कोण?

२०२५ च्या पावसाळ्यात ज्यांच्या क्रोममधले युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) कायमचे बंद पडले, त्यातल्या अनेकांना तो अचानक आलेला निर्णय वाटला. प्रत्यक्षात तो क्रोमची मालक असलेल्या गूगलच्या ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ या नियमावलीतून आला, आणि तिचा मसुदा २०१८ च्या अखेरीस बाहेर आला होता. मधली सहा-सात वर्षे मुदती जाहीर करण्यात आणि त्या पुढे ढकलण्यात गेली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. जाहिराती लपवणारे पहिले गाजलेले एक्स्टेंशन २००२ मध्ये एका डॅनिश विद्यार्थ्याने फायरफॉक्सच्या पूर्वावतारासाठी लिहिले. त्याच कल्पनेवर २००६ मध्ये अ‍ॅडब्लॉक प्लस उभे राहिले. क्रोममध्ये एक्स्टेंशने आली ती २०१० मध्ये, पण तेव्हा त्यांना जाहिरात उतरवून घेण्यापासून नीट अडवता येत नसे, आलेली जाहिरात झाकण्यावरच बरीचशी भिस्त असे. २०१२ मध्ये वेबरिक्वेस्ट ही सोय, म्हणजे पानाने सर्व्हरकडे केलेली प्रत्येक विनंती पाहण्याची आणि थांबवण्याची मुभा, सर्वांसाठी खुली झाली आणि क्रोमवरचे ब्लॉकर खऱ्या अर्थाने ब्लॉकर झाले. युब्लॉक २०१४ चे. मूळ लेखकाने ते दुसऱ्याच्या हाती सोपवले, तिथे पटले नाही, म्हणून वर्षभराच्या आतच त्याने ‘ओरिजिन’ जोडून स्वतःची वेगळी चूल मांडली.

आज फायरफॉक्सकडे आश्रयस्थान म्हणून पाहणाऱ्यांना एक गोष्ट सोयीस्करपणे आठवत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ५७ व्या आवृत्तीने फायरफॉक्सची जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेंशने एका फटक्यात निकालात काढली होती. लोक तेव्हाही चिडले होते, त्यातले बरेच क्रोमवर गेले. नव्या पद्धतीची घडण क्रोमच्याच एक्स्टेंशनांवरून घेतलेली होती. त्यामुळे क्रोमने काही बदलले की त्याचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासून फायरफॉक्सलाही सोडवावा लागतो.

आता मूळ मुद्दा. मॅनिफेस्ट म्हणजे प्रत्येक एक्स्टेंशनसोबतची माहितीची फाइल आणि ‘व्ही-३’ म्हणजे तिची तिसरी नियमावली. या नियमावलीत बरेच बदल आहेत : पार्श्वभूमीत सतत चालणारे पान गेले, बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवायला मनाई झाली. यांवर फारसा वाद नाही. वाद झाला तो एका कलमावर. वेबरिक्वेस्टमधून विनंती पाहण्याची मुभा ठेवली, पण ती थांबवण्याची काढून घेतली. त्याऐवजी डिक्लेरेटिव्ह नेट रिक्वेस्ट ही सोय दिली.

दोहोंतला फरक सोसायटीच्या वॉचमनच्या उदाहरणाने कळतो. पूर्वी फाटकावर कोणीही आले की वॉचमन ब्लॉकरला विचारत असे : सोडू का? ब्लॉकर आलेल्याचे नाव-गाव, तो कोणाकडून आला, आत कोणत्या पानावर चालला आहे, हे पाहून त्या क्षणी ठरवत असे. आता ब्लॉकरने एक छापील यादी वॉचमनकडे आधीच देऊन ठेवायची, यादी वाचून निर्णय वॉचमन घेणार. आणि वॉचमनचा पगार देणारी कंपनी जाहिरातींवर चालते, ही या प्रकरणातली अडचण. या कंपनीने गुंतवणूकदारांसाठीच्या वार्षिक अहवालांत जाहिराती अडवणाऱ्या तंत्रांचा उल्लेख व्यवसायापुढची जोखीम म्हणून केलेला आहे.

कंपनीची बाजू दोन शब्दांत : खासगीपणा आणि वेग. खासगीपणाचा युक्तिवाद पोकळ नाही. वापरकर्त्याची प्रत्येक विनंती ज्याच्या हातातून जाते असे एक्स्टेंशन बदमाश निघाले तर सगळेच उघडे पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध ब्लॉकरांच्या नावांची नक्कल करणारी दोन एक्स्टेंशने क्रोमच्या दुकानातून काढावी लागली. ती गुपचूप कमिशन उकळत होती. २०२० मध्ये एका लोकप्रिय ब्लॉकरची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी त्यात माहिती चोरणारा कोड घातला. पण थांबवण्याची मुभा काढून पाहण्याची मुभा ठेवली, तर चोराचे काय बिघडले? माहिती चोरायला पाहणे पुरते. हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जात आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात नाही.

वेगाचा मुद्दा त्याहून लंगडा. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका ब्लॉकरच्या चमूने मोजमाप प्रसिद्ध केले : चांगल्या ब्लॉकरला एका विनंतीचा निर्णय घ्यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. उलट जाहिराती अडवल्याने पान लवकर उघडते, हे वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

शिवाय एक अपवाद ठेवला गेला. कार्यालयाच्या आयटी विभागाने धोरण म्हणून बसवलेल्या एक्स्टेंशनांना थांबवण्याची जुनी मुभा नव्या नियमावलीतही आहे. कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर ती लागते, हे मान्य. मग घरच्या संगणकाच्या मालकाला, धोक्याची सूचना देऊन का होईना, ती का नको?

जानेवारी २०१९ मध्ये युब्लॉक ओरिजिनच्या लेखकाने क्रोमियमच्या (क्रोमचा पाया असलेल्या खुल्या कोडच्या) तक्रारनोंदीत आक्षेप नोंदवला आणि वादळ उठले. पण चर्चा बघता बघता एका आकड्यावर अडकली. मसुद्यात एका एक्स्टेंशनला ३०,००० नियमांची मर्यादा होती, आणि एकट्या इझीलिस्टमध्येच, म्हणजे जाहिराती ओळखण्याच्या नियमांच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या यादीतच, त्याहून जास्त नियम होते. जून २०१९ मध्ये मर्यादा १,५०,००० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. पुढे प्रत्येकाला हमखास ३०,००० आणि वर सगळ्यांसाठी मिळून ३,००,००० नियमांचा सामायिक साठा, अशी रचना आली. मथळे आले की कंपनी नमली. माझ्या मते आकड्यावरची ही घासाघीस कंपनीच्या पथ्यावरच पडली. आकडा वाढवणे सोपे होते. निर्णय कोण घेणार, यावर मात्र ती एक पाऊलही मागे आली नाही.

यादीचा खरा कस लागतो तो ताजेपणात. २०२३ च्या उत्तरार्धात यूट्यूबने ब्लॉकर वापरणाऱ्यांचे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली, तेव्हा हे उघड दिसले. यूट्यूब सकाळी काहीतरी बदले, याद्या सांभाळणारे स्वयंसेवक काही तासांत तोड काढत, आणि वापरकर्त्याने ब्लॉकरमध्ये जाऊन याद्या ताज्या केल्या की काम होई. दिवसातून अनेकदा हे चाले. नव्या पद्धतीत मुख्य नियम एक्स्टेंशनच्या आतच बांधलेले असतात. ते बदलायचे तर नवी आवृत्ती दुकानात पाठवा आणि तपासणी होण्याची वाट पाहा. दुकान पुन्हा त्याच कंपनीचे, यूट्यूबही तिचेच. पुढे निव्वळ नियम बदलले असतील तर झटपट तपासणीची सोय झाली आणि बाहेरून भरता येणाऱ्या साध्या नियमांची मर्यादा ५,००० वरून ३०,००० वर गेली. सुधारणा खरी आहे, पण परवानगीची पायरी कायम राहिली.

नव्या पद्धतीला एक श्रेय द्यायला हवे. क्रोम उघडताच जुन्या टॅबांतली पाने भरू लागत आणि ब्लॉकर जागा होण्याआधी काही जाहिराती निसटत. नियम ब्राउझरच्याच हाती असल्याने हे आता होत नाही. युब्लॉक ओरिजिन लाइट ही नव्या नियमांतली आवृत्ती २०२२ पासून उपलब्ध आहे. बऱ्याच साइटवर तिच्यात आणि मूळ आवृत्तीत फरक जाणवतही नाही. जाणवतो तो अडेलतट्टू साइटवर आणि स्वतःच्या बारीकसारीक सेटिंग लावणाऱ्यांना.

मुदतींचा प्रवास असा : जानेवारी २०२२ पासून दुकानाने जुन्या नियमांची नवी एक्स्टेंशने घेणे थांबवले. जानेवारी २०२३ पासून जुनी बंद करायला सुरुवात होणार होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला स्थगिती मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवे वेळापत्रक आले. जून २०२४ मध्ये चाचणी-आवृत्त्यांत आणि ऑक्टोबरपासून सर्वसामान्य क्रोममध्ये टप्प्याटप्प्याने बंदी लागू झाली. सुरुवातीला ‘एक्स्टेंशन बंद केले आहे’ अशा सूचनेखाली पुन्हा चालू करायचे बटण असे. मग ते बटण गेले. ऑगस्ट २०२५ मधल्या १३९ व्या आवृत्तीत जुन्या नियमांच्या एक्स्टेंशनांसाठी कार्यालयांना ठेवलेली सवलतही संपली.

मग दुसरा ब्राउझर घ्यावा, असे सगळेच म्हणतात. पण एज, ऑपेरा, ब्रेव्ह, व्हिवाल्डी यांच्या पोटात क्रोमियमच आहे. त्यातून काढलेला कोड कोण स्वखर्चाने आणि किती वर्षे सांभाळणार? ब्रेव्हने युब्लॉक ओरिजिनसह मोजक्या चार जुन्या एक्स्टेंशनांना जमेल तोवर आधार देण्याचे ठरवले, पण त्याची खरी मदार अंगभूत ब्लॉकरवर आहे. अंगभूत ब्लॉकरला एक्स्टेंशनचे नियम लागत नाहीत, म्हणून व्हिवाल्डी आणि ऑपेरानेही तीच वाट धरली. सफारीने २०१५ पासूनच आयफोनवर यादीची पद्धत ठेवली, प्रत्येक ब्लॉकरला ५०,००० नियमांची मर्यादा होती, आणि तिथे ओरड झाली नाही. आयफोनवर आधी काहीच नव्हते, त्यामुळे मिळाले ते मिळाले. क्रोमवर हाती असलेले काढून घेतले गेले.

फायरफॉक्सने जानेवारी २०२३ मध्ये व्ही-३ स्वीकारले, पण थांबवण्याची मुभा ठेवून, आणि व्ही-२ ही चालू ठेवून. तिथे मूळ युब्लॉक ओरिजिन क्रोमवर जमत नसलेल्याही गोष्टी करते. उदाहरणार्थ, एखाद्या साइटने माग काढणाऱ्या कंपनीचा सर्व्हर आपल्याच उपनावामागे दडवला असेल, तर तो ते हुडकून काढते.

आपल्याकडे हा सारा वाद अर्ध्याहून कमी लोकांना लागू पडतो, कारण मराठी बातम्या वाचल्या जातात त्या मुख्यतः अँड्रॉइड फोनवर, आणि फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशनची सोय कधी आलीच नाही. फोनवर ब्लॉकर हवा असणाऱ्यांसाठी फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये एक्स्टेंशनांचे दार पूर्ण उघडले. युब्लॉक ओरिजिनमध्ये मराठीसह भारतीय भाषांतल्या साइटसाठी ‘इंडियनलिस्ट’ नावाची वेगळी यादी आहे. ती निवडल्यावर आपल्या वृत्तपत्रांच्या साइटवर फरक दिसतो. फोनवरच्या या भुकेचा फटका २०२२ मध्ये इझीलिस्टला बसला होता. भारतात वापरले जाणारे काही छोटे अँड्रॉइड ब्राउझर दर वेळी उघडताच पूर्ण यादी नव्याने उतरवून घेत, आणि त्या गर्दीने स्वयंसेवकांचा सर्व्हर कोलमडू लागला.

राहिला फायरफॉक्सच्या भवितव्याचा प्रश्न. त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा शोधपट्टीत एका कंपनीचे शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येतो, आणि पैसे देणारी कंपनी क्रोमचीच मालक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने शोधव्यवसायातल्या बेकायदा मक्तेदारीचा ठपका त्याच कंपनीवर ठेवला. सरकारी वकिलांनी क्रोम विकायला लावा आणि असे पैसे देणेही बंद करा, अशी मागणी केली. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात दोन्ही मागण्या फेटाळल्या गेल्या. क्रोम मालकाकडेच राहिले, आणि फायरफॉक्सला मिळणारे पैसेही चालू राहिले.