तत्त्व आधी की प्रसंग आधी? कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणातील गोष्टींची पार्श्वभूमी

भोसरीपासून चाकण-रांजणगावपर्यंत पसरलेल्या पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात सुपरवायझर आणि लाइन लीडर यांच्यासाठी जे प्रशिक्षणवर्ग होतात, त्यांपैकी बहुतेकांत आज एखादी ‘केस’, म्हणजे चर्चेसाठी लिहून काढलेला कामाच्या ठिकाणचा प्रसंग, असतेच. ती वाचली जाते, गट पाडले जातात, चार्टपेपरवर मुद्दे उतरवले जातात आणि शेवटी प्रशिक्षक तात्पर्य सांगून पुढच्या स्लाइडकडे वळतो. ही पद्धत व्यवस्थापनशास्त्राबरोबर परदेशातून आली, असे सर्रास मानले जाते. केसचा कागद तिकडून आला हे खरे. परंतु वर्गात तो ज्या रीतीने हाताळला जातो, ती रीत बरीचशी आपल्याच मातीतली आहे, आणि या दोन परंपरांचा क्रम एकमेकींच्या अगदी उलट आहे.

प्रौढांना प्रसंगातून शिकवण्याची मराठीतील परंपरा थेट तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त महानुभाव ग्रंथकार केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले, तेव्हा प्रत्येक प्रकरणाची मांडणी तीन पायऱ्यांची ठेवली : आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि त्यानंतर तो दृष्टान्त सूत्राला कसा लागू पडतो हे उलगडणारे दार्ष्टान्तिक. हत्तीचा एकेक अवयव चाचपून हत्ती कसा आहे हे ठरवणाऱ्या जन्मांधांचा दृष्टान्त याच ग्रंथात आहे. उत्पादन, गुणवत्ता आणि देखभाल या विभागांचे भांडण समजावताना पुण्यातले प्रशिक्षक आजही तो वापरतात, अर्थात बहुतेकदा इंग्रजी स्लाइडवरून. नारदीय कीर्तनाचा आराखडाही असाच आहे. पूर्वरंगात अभंग घेऊन तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगातले आख्यान ते तत्त्व माणसांच्या वागण्यात दाखवते. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तन ऐकणाऱ्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो. त्याची गोडी शेवट कळण्यात नसून तिथवर पोहोचण्यात असते. या परंपरेत गोष्ट म्हणजे तत्त्वाचा पुरावा, आणि अर्थ लावण्याचे काम सांगणाऱ्याकडे.

अमेरिकेत जी केस-पद्धत रुजली, तिने हा क्रम उलटा केला. क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल 1870 मध्ये हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचे डीन झाले आणि 1871 मध्ये त्यांनी करारविषयक न्यायनिवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. नियम पाठ करवून घेण्याऐवजी ते विद्यार्थ्यांच्या हाती मूळ निवाडे देत आणि त्यांतून नियम शोधायला लावत. हार्वर्डचे व्यवसायशिक्षणाचे विद्यालय 1908 मध्ये सुरू झाले, आणि 1919 मध्ये डीन झालेले वॉलेस डोनम हे स्वतः याच कायदा विद्यालयातून शिकलेले असल्याने त्यांनी ही पद्धत व्यवस्थापनात आणली. अडचण अशी होती, की वकिलांकडे निवाड्यांचे तयार भांडार होते, व्यवसायाकडे तसे काहीच नव्हते. म्हणून माणसे कारखान्यांत पाठवून केसेस लिहून घ्याव्या लागल्या.

त्यांपैकी अगदी सुरुवातीची, 1921 ची केस एका बूट बनवणाऱ्या कंपनीची आहे आणि ती जेमतेम पानभर भरते. उत्पादन विभागातले कामगार सुट्टीच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास काम थांबवतात, ही बाब अधिकाऱ्यांच्या बैठकीत पुढे येते. चौकशी कोणत्या दिशेने करावी आणि धोरण काय असावे, एवढेच केस विचारते. उत्तर देत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हा कागद मराठीत सांगून आज चाकणच्या एखाद्या वर्गात ठेवला, तर कोणालाही प्रस्तावनेची गरज भासणार नाही. कंपनीची बस ठरलेल्या मिनिटाला सुटते म्हणून हात धुवायला लवकर निघणारे ऑपरेटर, पुढच्या शिफ्टचा माणूस येईपर्यंत मशीन सोडू नये हा नियम, दिवसाचा आकडा आधीच गाठला तर उरलेल्या वेळेत जास्त उत्पादन काढून उद्याचे टार्गेट का वाढवून घ्यायचे हा न बोलला जाणारा हिशेब, हे सगळे समोर बसलेल्यांना माहीत असते. नेमकी हीच माहिती प्रशिक्षकाकडे नसते. तत्त्व आधी सांगून टाकले, तर ‘शिस्त महत्त्वाची’ यावर सगळे माना डोलावतात आणि ती माहिती बाहेर येतच नाही.

कारखान्याच्या दृष्टीने मात्र हार्वर्डपेक्षा महत्त्वाचा ठरला तो दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सरकारचा उपक्रम. ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या नावाने 1940 ते 1945 या काळात चाललेल्या या योजनेने नवख्या कामगारांना आणि सुपरवायझरांना वेगाने तयार केले. तिचा माणसांशी वागण्याविषयीचा अभ्यासक्रम दोन-दोन तासांच्या पाच बैठकींचा होता. वर्ग चालवणारा एखादी घटना सांगे, ज्यात सुपरवायझरने पूर्ण माहिती न घेता कारवाई केलेली असे. ती कारवाई कुठे चुकली हे गट शोधे. आणि वस्तुस्थिती गोळा करा, तोलून निर्णय घ्या, कृती करा, परिणाम तपासा, या चार पायऱ्या त्यातून पुढे येत. त्यानंतर प्रत्येक सहभागी सुपरवायझरला आपल्या विभागातली खरी अडचण वर्गापुढे मांडावी लागे. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल हेच आहे, कारण इथे शिकणारा माणूसच केस घेऊन येतो.

प्रौढशिक्षणाच्या सिद्धान्ताने या अनुभवाला पुस्तकी आधार दिला. प्रौढाचा अनुभव हेच त्याचे पाठ्यपुस्तक असते, हा विचार अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एड्युअर्ड लिंडमन यांनी 1926 मध्येच मांडला होता आणि 1970 च्या सुमारास माल्कम नोल्स यांनी तो लोकप्रिय केला. त्याहून रोचक आहे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांचा झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा अभ्यास. पुस्तिकेत न सापडणारे बिघाड हे तंत्रज्ञ एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून शोधून काढत, असे त्यांना दिसले. कोणत्याही जुन्या मेंटेनन्स फिटरजवळ चहाला बसले की याची प्रचिती येते.

भारतात या पद्धती संस्थांच्या मार्गाने आल्या. हैदराबादचे प्रशासकीय स्टाफ कॉलेज 1956 मध्ये ब्रिटनमधील हेन्लेच्या अधिकारी-प्रशिक्षण महाविद्यालयाच्या धर्तीवर उभे राहिले आणि 1961 मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने केस-पद्धत स्वीकारली. पुण्यात टाटा समूहाचे व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र 1966 मध्ये, वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था 1967 मध्ये आणि बँकांसाठीची राष्ट्रीय संस्था 1969 मध्ये सुरू झाली. या संस्था अधिकाऱ्यांसाठी होत्या आणि त्यांचा बराचसा व्यवहार इंग्रजीत चाले. कामगारांच्या शिक्षणासाठी 1958 मध्ये नागपूरला केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले होते, पण केसचे इंग्रजी कागद आणि कामगाराची मराठी यांची गाठ फार काळ पडलीच नाही.

ही गाठ पडली, माझ्या समजुतीप्रमाणे, गुणवत्ता मंडळांमुळे, म्हणजे आपल्याच कामातले दोष शोधून दूर करणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटांमुळे (क्वालिटी सर्कल). जपानमध्ये 1962 पासून रुजलेली ही कल्पना भारतात 1980 मध्ये भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) हैदराबाद कारखान्यातून आली आणि पुण्याच्या वाहन उद्योगाने ती उचलून धरली. मंडळांच्या अधिवेशनांत सहा-सात ऑपरेटर व्यासपीठावर येतात आणि आपल्याच लाइनवरचे रिजेक्शन (सदोष म्हणून बाद होणारा माल) कसे कमी केले, हे पाळीपाळीने, बहुधा मराठीत सांगतात. या सादरीकरणाला तिथे केस स्टडी असेच म्हणतात. विषयनिवड, सद्यस्थिती, फिशबोन (संभाव्य कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती), व्हाय-व्हाय (पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारून मूळ कारण शोधणे), उपाय, पडताळणी असा तिचा ठरलेला क्रम असतो.

पण स्पर्धेच्या या साच्यात गोष्टीचा शेवट गोड असावा लागतो. उपाय फसला, खर्च मंजूर झाला नाही किंवा दोष पुन्हा उद्भवला, अशी केस व्यासपीठापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ऐकणाऱ्याला आख्यानासारखाच शेवट आधीपासून माहीत असतो. केस-पद्धतीवर अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ ख्रिस अर्जिरिस यांनी 1980 मध्ये घेतलेला आक्षेप इथे आठवतो. दुसऱ्याच्या कंपनीवर हिरिरीने बोलणारे अधिकारी स्वतःच्या वागण्याकडे मात्र वळत नाहीत आणि शिक्षकही त्यांना तिकडे वळवत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. हाताशी असलेल्या मराठी सादरीकरणांचा प्रशिक्षणात उपयोग करायचा, तर ती फिशबोनपाशीच थांबवावी लागतील, उपायांच्या स्लाइड वर्ग संपेपर्यंत बाजूला ठेवाव्या लागतील, आणि ज्या मंडळांचा उपाय फसला त्यांच्याकडूनही त्यांच्या केसेस लिहून घ्याव्या लागतील. त्यासाठी सांगणाऱ्याचे आणि विभागाचे नाव झाकण्याची हमी व्यवस्थापनाने द्यायला हवी, कारण आपल्या अपयशाचा कागद उद्या आपल्याच वार्षिक मूल्यमापनात निघेल, ही भीती शॉपफ्लोअरवर निराधार नसते.