भाच्याची सीट सुलटी कधी करायची?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुराळी म्हणून बहिणीला आणायला जळगावला गेलो, तेव्हा भाचा चौदा महिन्यांचा होता. जळगावहून एरंडोलमार्गे पारोळा, तासा-सव्वा तासाचा रस्ता. मागच्या बाकावर बाळाची कार सीट बसवलेली आणि तिच्यात भाचेसाहेब गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून. दारात गाडी थांबली तशी आई भाकरतुकडा ओवाळायला बाहेर आली, आत डोकावली आणि हातातला तुकडा तसाच धरून म्हणाली, "का रे भाऊ, पोऱ्याले उलटा कसाले बसाडा? त्याना पाय दुखतीन ना!"

बहिणीलाही तेवढंच निमित्त हवं होतं. "दादा, वर्षाचा होऊन गेला की आता. फिरवून टाकू का?"

आपल्याकडे बाळाच्या प्रत्येक गोष्टीला महिना ठरलेला असतो. उष्टावण सहाव्या-आठव्या महिन्यात, जावळ वर्षाच्या आसपास, कान त्याच्या आधीच टोचलेले. त्यामुळे सीट सुलटी करायलाही असाच एखादा महिना असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण ही सीट वाढदिवस पाहत नाही. ती मान पाहते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. जडत्व शिकवताना एसटीनं ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी पुढे का झुकतात, हे उदाहरण दर वर्षी देतो. इथेही तेच आहे, फक्त आकडे अंगावर काटा आणणारे. समजा गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं समोर आदळली आणि पुढचा भाग चेपत जाऊन साधारण ६० सेंटीमीटरांत थांबली. सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ. गणित केलं तर आतल्या प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट जोर येतो. दहा किलोचं बाळ तेवढ्या क्षणापुरतं १६० किलोचं होतं. मांडीवर घट्ट धरलंय म्हणणाऱ्या मावशीनं कापसाचं भरलेलं पोतं एका झटक्यात हातांवर झेलून दाखवावं, मग बोलू. आणि हा वेग ५० चा. महामार्गावर ८० ला ऊर्जा अडीचपट होते.

आता बाळाच्या डोक्याचा विचार करा. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या पाव असतं. मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या हिश्श्याइतकं. वर्षाच्या मुलाचं डोकं अडीच किलोच्या आसपास भरतं. मूल सुलटं बसलेलं असेल तर पट्टे त्याचे खांदे आणि कंबर धरून ठेवतात, पण डोक्याला धरणारं काहीच नसतं. धड जागच्या जागी थांबतं, डोकं पुढे जातं आणि ते मागे ओढून धरायचं काम एकट्या मानेवर येतं. वरच्याच हिशोबानं सुमारे ४० किलोची ओढ.

ही मान कशाची असते? जन्मतः मानेचे बहुतेक मणके अखंड हाडाचे नसतात. प्रत्येक मणका तीन हाडांच्या तुकड्यांचा, आणि ते तुकडे कूर्चेनं जोडलेले. आपल्या नाकाचा शेंडा बोटानं दाबून पाहा, तसली ही जोडणी. मागच्या बाजूचे दोन तुकडे दोन-तीन वर्षांच्या सुमारास एकमेकांना जुळतात. पुढच्या भागाशी पक्की जोडणी तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान होते. स्नायू कोवळे, अस्थिबंध सैल. हे सैलपण फार घातक असतं, कारण मणक्यांची साखळी ताणली जाते पण तिच्या आतला मज्जारज्जू तितका ताणला जात नाही. अर्भकांच्या मृतदेहांवर झालेल्या एका जुन्या अभ्यासात कण्याची साखळी पाच सेंटीमीटरांपर्यंत लांबली, तर मज्जारज्जू सहा-सात मिलिमीटरांतच तुटला.

बाळ उलटं बसलेलं असेल तर काय होतं? गाडी थांबते, बाळ पुढे जायला बघतं, आणि पुढे असते सीटची पाठ. डोकं, मान, पाठ सगळं एकाच वेळी तिच्यात रुततं. जोर तेवढाच, पण तो सगळ्या पाठीवर पसरतो आणि मान वाकतच नाही. आईला मी हे केळीच्या भाषेत सांगितलं. रावेर-सावद्याकडे ट्रक भरताना घड दांड्याला बांधून लोंबकळत ठेवतात का? पाल्याची गादी करून तिच्यावर टेकवतात. दांड्यावर भार आला तर पहिल्या खड्ड्यातच दांडा मोडेल. आईनं मान डोलावली, पण पायांचं राहिलंच म्हणाली.

ते पायांचं थोडक्यात सांगतो. वर्ष-दीड वर्षाचं मूल मांडी घालून बसतं, पाय गाडीच्या बाकाच्या पाठीवर टेकवतं, कधी वर टांगतं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. अवघडलेपण आपल्याला दिसतं, कारण आपण आपले गुडघे तिथे कल्पून बघतो. शिवाय अपघातात पाय समोरच्या सीटवर आपटण्याचा धोका सुलट्या मुलालाच जास्त.

ही कल्पना स्वीडनची. बर्टिल आल्डमन या प्राध्यापकांना १९६०च्या दशकात जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून ती सुचली. उड्डाणाचा जोर पाठीवर घ्यायचा म्हणून ते उताणे झोपलेले असतात. मग बाळानं धडकेचा जोर पाठीवर का घेऊ नये? १९६४ साली व्होल्व्हो गाडीत त्यांच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली. तिकडे चार वर्षांपर्यंत मुलं उलटी बसवायची पद्धत आहे.

मग 'एक वर्ष झालं की फिरवा' हे आलं कुठून? अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था पूर्वी किमान एक वर्ष आणि नऊ किलो असं सांगायची. २०११ मध्ये तिनं दोन वर्षांपर्यंत थांबा म्हटलं. २०१८ मध्ये दोन वर्षांचा उल्लेखही काढून टाकला आणि सीट बनवणाऱ्यानं उलट्या बाजूसाठी दिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा येईपर्यंत उलटंच ठेवा, असा सल्ला दिला.

यामागे एक किस्सा आहे आणि तो लपवू नये. २००७ मध्ये एक शोधनिबंध आला होता. दोन वर्षांखालची उलटी बसलेली मुलं सुलट्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित, असं त्यात होतं आणि त्याचा आकडा जगभर फिरला. सुमारे दहा वर्षांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा गणितात चूक निघाली आणि निबंध मागे घ्यावा लागला. म्हणजे उलटं बसवणं निरुपयोगी ठरलं का? तसं नाही. सीटमध्ये बसलेल्या एवढ्या लहान मुलांना, तोंड कुठेही असो, गंभीर दुखापती इतक्या कमी झालेल्या होत्या की दोन गटांतला फरक आकडेवारीनं ठामपणे सिद्ध होईना. मला यातून दोन गोष्टी दिसतात. मानेची रचना आणि धडकेचं गणित त्या निबंधावर अवलंबून नव्हतं, ते जिथल्या तिथे आहे. आणि सगळ्यात मोठी उडी उलट-सुलटची नाहीच. ती मांडीवरून सीटमध्ये येण्याची आहे. आपल्याकडे ती पहिली उडीच अजून राहिलेली. पुढच्या सीटवर एसीच्या झोतासमोर आईच्या मांडीवर बाळ, हे दृश्य पारोळ्याच्या बाजारात दर पाचव्या गाडीत दिसेल.

कायदाही तेवढ्यावरच थांबतो. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९४ब सांगतं की चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा बालआसन यांशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. तोंड कुठे हवं, याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. ते सीटच्या कडेला चिकटवलेल्या लेबलवर असतं, आणि खरा निर्णय तिथे आहे.

बहिणीला मी ते लेबल वाचायला लावलं. युरोपच्या जुन्या मानकाच्या सीटवर मर्यादा किलोत लिहिलेली असते, नव्या मानकाच्या सीटवर मुख्यतः सेंटीमीटरांत. नव्या मानकानुसार पंधरा महिन्यांआधी मूल सुलटं बसवताच येत नाही. पण पंधरा महिने ही खालची रेघ आहे, ठरलेला मुहूर्त नव्हे. एकाच सीटवर दोन मर्यादा असतात, उलट्या बाजूची वेगळी आणि सुलट्या बाजूची वेगळी. लोक मोठा आकडा पाहून भलतीच समजूत करून घेतात. फक्त तान्ह्या बाळांसाठी असलेल्या टोपलीसारख्या सीटची मर्यादा साधारण १३ किलो असते. तिच्यात डोकं मावेनासं झालं तर याचा अर्थ मूल सुलटं करायची वेळ झाली असा नाही, मोठी उलटी सीट घ्यायची वेळ झाली असा आहे.

उंचीसाठी बऱ्याच पुस्तिकांमधली खूण सोपी आहे. मूल बसवा, डोक्यावर सपाट पट्टी ठेवा, आणि सीटच्या वरच्या काठापर्यंत किमान अडीच सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराइतकी जागा उरते का बघा. भाच्याच्या डोक्यावर माझं पेर ठेवलं तर वर अजून चार बोटं शिल्लक. वजन दहा किलो. त्याच्या सीटची उलट्या बाजूची मर्यादा १८ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मध्यम वाढीच्या मुलग्याचं वजन दोन वर्षांना १२.२ किलो आणि तीन वर्षांना १४.३ किलो आहे. म्हणजे वजनाची हद्द लांबच, उंचीची आधी येईल.

अडचणी नाहीत असं नाही. लहान हॅचबॅकमध्ये उलटी सीट टेकवायला पुढची सीट इतकी सरकवावी लागते की मेव्हण्यांचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. उलटं मूल रडलं तर तोंड दिसत नाही. आणि ही सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवायची नाही. ती बॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. बाळ मागच्याच बाकावर.

आपल्याकडची आणखी एक खास भानगड म्हणजे ऊन. आखाजीचं खान्देशातलं ऊन काय असतं ते भुसावळकरांना विचारा. बाहेर उभ्या केलेल्या गाडीत बकलचा धातूचा भाग बाळाच्या पोटरीला चटका देतो. आम्ही सीटवर ओला पंचा टाकून ठेवतो आणि बसवण्याआधी बकल बोटानं चाचपतो. बंद गाडीचं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंशांनी चढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. बाळ झोपलंय म्हणून 'दोन मिनिटांत येतो' हे गाडीत कधीच करायचं नाही.

आणि फिरवायची वेळ खरंच येईल तेव्हा नुसती सीट वळवून भागत नाही. उलट्या बसलेल्या मुलाचे पट्टे खांद्यांच्या रेषेत किंवा थोडे खालून यायला हवेत. सुलट्या मुलाचे खांद्यांच्या रेषेत किंवा वरून. गाडीचा पट्टा सीटमधून जायचा मार्गही बदलतो. सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे टॉप टेदर, सीटच्या माथ्यावरून मागे जाऊन गाडीतल्या हुकात अडकणारी पट्टी. डोकं पुढे किती जाईल हे तिच्यावर बरंच अवलंबून असतं. माझ्या एका मित्राच्या गाडीत ती सीटच्या मागच्या कप्प्यात कंपनीनं घडी घातली तशीच होती, रबरबँडसकट. मुलगा अडीच वर्षांचा, वर्षभर सुलटा बसलेला.

परतीच्या दिवशी आईनंच नातवाला सीटमध्ये ठेवलं, उलटं. पट्टा आवळून खांद्याजवळ चिमटीत धरून पाहिला. चिमटीत घडी येत नव्हती, म्हणजे बरोबर. एरंडोलच्या पुढे केळीचा एक ट्रक बराच वेळ आमच्या मागे होता. आम्हाला तो आरशात तेवढा दिसत होता. भाचा मात्र मागच्या काचेतून त्याच्याकडे टक लावून बघत होता आणि ट्रकवाल्यानं हॉर्न दिला की हसत होता.

सीटच्या आतल्या बाजूला, त्याच्या डोक्याच्या रेषेवर बहिणीनं पेन्सिलीनं बारीक खूण केली आहे, शेजारी तारीख. पुढच्या आखाजीला दुसरी करू.